राक्षस जिथे टेकतो, तिथे पैसे घाला

प्रश्न असा आहे: "२०१० चा 'शार्कटोपस' पाहिला. टीव्हीसाठी कमी पैशात केलेला, अर्धा शार्क आणि अर्धा ऑक्टोपस असलेल्या प्राण्याचा चित्रपट. काही ठिकाणी सगळं उघडं पडतं, काही जागा मात्र खरंच जमल्या आहेत. एकाच चित्रपटात असं का होतं? आम्ही चौघं मित्र अशीच एक छोटी फिल्म करणार आहोत. पैसे फार नाहीत. खर्च कशावर करायचा आणि कशावर नाही?"

मी मुंबईत एकोणीस वर्षं कंपोझिटिंग करते आहे. एका बाजूने कॅमेऱ्याने टिपलेली प्लेट येते, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरवर घडवलेला प्राणी येतो आणि त्या दोघांना एका जागी नांदायला लावणं हे माझं काम. मालिकांमधले नाग, मगरी, राक्षस, पौराणिक पक्षी असं बरंच काही हाताखालून गेलं आहे. त्यातलं बहुतेक कमी पैशातलं आणि उद्या सकाळी टेलिकास्ट आहे अशा घाईतलं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला जवळचा आहे.

आधी हा चित्रपट कुणी आणि कसा केला ते थोडक्यात. 'शार्कटोपस' अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीसाठी बनला आणि २५ सप्टेंबर २०१० ला दाखवला गेला. दिग्दर्शक डेक्लन ओब्रायन, निर्माते रॉजर कॉर्मन आणि त्यांच्या पत्नी ज्युली कॉर्मन. शूटिंग झालं मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, प्वेर्तो वायार्ता या पर्यटकांच्या गावात. गोष्ट सरळ आहे: अमेरिकी नौदलासाठी एक शास्त्रज्ञ जनुकं जुळवून हा प्राणी तयार करतो, त्याचं सांकेतिक नाव एस-११. त्याला ताब्यात ठेवणारा पट्टा तुटतो आणि तो किनाऱ्यावरच्या माणसांवर सुटतो. शास्त्रज्ञाच्या भूमिकेत एरिक रॉबर्ट्स आहे.

या व्यवहारात नाव आधी ठरतं. कल्पना वाहिनीकडून आली होती आणि कॉर्मन सुरुवातीला तयार नव्हते. प्रेक्षक एका मर्यादेपर्यंतच अशक्य गोष्ट मान्य करतो, त्यापलीकडे गेलं की तो हात काढून घेतो, असं त्यांचं मत होतं. पुढे ते तयार झाले. हा माणूस १९५४ पासून राक्षसपट काढत होता, त्यामुळे त्यांची ती पहिली शंका मी फार गंभीरपणे घेते. तुमच्या फिल्मचीही मर्यादा तीच असणार आहे. दोन प्राणी एकत्र आले हे प्रेक्षक एका क्षणात मान्य करतो, कारण नावातच ते सांगितलेलं असतं. तो प्राणी त्या वाळूवर, त्या पाण्यात, त्या माणसाच्या पायाशी आहे हे मात्र त्याला दर शॉटला नव्याने पटवून द्यावं लागतं. माझं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे: प्राणी जगाला जिथे टेकतो, तिथे पैसे घाला. बाकी ठिकाणी हात आखडता चालेल.

आता हिशेब. टीव्हीवरच्या दोन तासांच्या जागेत चित्रपट साधारण ८५ ते ९० मिनिटांचा, उरलेला वेळ जाहिरातींचा. समजा ८९ मिनिटं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १,२८,१६० फ्रेम झाल्या. त्यातला प्राण्याचा चार सेकंदांचा एक शॉट म्हणजे ९६ फ्रेम. एका फ्रेमला दहा मिनिटं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने अंतिम चित्र तयार करायला लागणारा वेळ, धरलं, आणि ओल्या कातडीच्या प्राण्याला ते कमीच आहे, तर एका मशीनवर सोळा तास. रेंडर पाहिल्यावर दिग्दर्शक म्हणतो, "थोडा डावीकडे घ्या." पुन्हा सोळा तास. चौघांच्या टोळीकडे दोन-तीन मशीन असतात. म्हणून पटकथा लिहितानाच प्राण्याचे शॉट मोजा आणि तो आकडा भिंतीवर लावा. मी तुमच्या जागी असते तर वीस मिनिटांच्या फिल्मला प्राण्याचा तीसच्या वर एकही शॉट घेतला नसता.

सगळे तुम्हाला एक सल्ला देतील की राक्षस दाखवूच नका, फक्त सूचित करा. थिएटरमधल्या मोठ्या चित्रपटाला तो लागू पडतो. टीव्हीच्या या जातीला नाही. प्रेक्षकाने वाहिनी लावली आहे ती नावातला प्राणी पाहायला, आणि दर काही मिनिटांनी जाहिरात येते तेव्हा त्याचा अंगठा रिमोटवर असतो. 'शार्कटोपस' आपला प्राणी लवकर आणि उघडपणे दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून दाखवा, पण सोप्या जागी दाखवा. अवघड जागी लपवा. सोपं कुठलं आणि अवघड कुठलं हे ओळखणं हेच आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण.

त्या चित्रपटातली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली जागा घ्या. एक मुलगी बंजी जंप करते, दोरीवर खाली येते आणि पाण्यातून उसळून आलेला प्राणी तिला हवेतच टिपतो. हे का जमतं? पहिलं कारण, प्राणी हवेत आहे. जमिनीवर सावली पाडायची गरज नाही, वाळू दबायची गरज नाही, पाय कुठे टेकला हा प्रश्नच नाही. दुसरं कारण मला जास्त आवडतं. बंजीची लय आपल्याला आधीच माहीत आहे: खाली, वर, पुन्हा खाली. आपलं मन त्या लयीत झुलत असतं आणि प्राणी तीच लय मध्येच तोडतो. तिथे ग्राफिक्स कसे आहेत हे पाहायला डोळ्यांना वेळच मिळत नाही. हा शॉट लिहिणाऱ्याने अर्धं काम आमच्या टेबलावर येण्याआधीच करून ठेवलं आहे.

उलट किनाऱ्यावरची, भर दुपारच्या उन्हातली दृश्यं बघा. ऊन फुकट मिळतं म्हणून कमी पैशातले चित्रपट दिवसा शूट होतात. पण कडक उन्हात प्रत्येक वस्तूची सावली काठोकाठ रेखीव असते, आणि प्राण्याची सावली पाच अंशांनी जरी चुकली तरी न शिकलेल्या माणसालाही काहीतरी बिनसलंय हे कळतं. त्याला काय बिनसलंय ते सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो, "ग्राफिक्स खराब आहेत." बहुतेक वेळा मॉडेल चांगलं असतं. सावली चुकलेली असते, किंवा भुजा वाळूला टेकते तिथली बोटभर काळी रेघ कुणी काढलेलीच नसते. त्या रेघेला आम्ही काँटॅक्ट शॅडो म्हणतो. ती नसली की प्राणी वाळूपासून वीतभर वर तरंगतो. ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळल्यावरच्या अर्ध्या तासात शूट करा. सावल्या मऊ असतात आणि चुका पोटात घेतात.

आता प्राण्याकडे वळू. शार्क पोहतो शेपटीने, शरीर डावीकडे-उजवीकडे वळवत. त्याचं सगळं इंजिन मागे. शार्कटोपसमध्ये नेमकं तेच कापलेलं आहे, कारण कमरेखाली ऑक्टोपसच्या भुजा लावल्या आहेत. मग हा पुढे जातो कशाने? ॲनिमेटरने हा प्रश्न स्वतःला विचारला नाही तर प्राणी पाण्यातून सरकवलेल्या खेळण्यासारखा जातो. उत्तर ऑक्टोपसमध्येच आहे. ऑक्टोपस घाईत असला की शरीरात पाणी भरून घेतो, ते नळीतून जोराने बाहेर फेकतो आणि झेप घेतो. त्या वेळी त्याच्या आठही भुजा एकत्र मिटून मागे लोंबतात. म्हणजे पुढे शार्कचं तोंड आणि मागे भुजांची जुडी ही ठेवण चुकीची नाहीच. फक्त चाल शार्कची एकसंध नको. आधी धक्का, मग घसरत जाणं, पुन्हा धक्का. धक्क्याच्या वेळी कल्ल्यांमागचा भाग आवळला पाहिजे. एवढं केलंत तर दोन प्राण्यांचा एक प्राणी होतो.

भुजांमध्ये हाड नाही. माणसाचा हात रिग करायला, म्हणजे हलवण्यासाठी आत सांगाडा बसवायला, मोजके सांधे पुरतात. ऑक्टोपसच्या एका भुजेला पंचवीस-तीस लागतात, आणि त्या आठ आहेत. इथे मला एकेक फ्रेम बाहुली हलवून राक्षस जिवंत करणारा रे हॅरीहाउसन आठवतो. १९५५ च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला विळखा घालणारा त्याचा महाकाय ऑक्टोपस सहा भुजांचा आहे. एकेक फ्रेम हाताने हलवून काढायची, पैसे कमी, वेळ कमी. त्याने दोन भुजा कापल्या आणि उरलेल्या सहांना सगळा जीव दिला. पडद्यावर कोणी भुजा मोजत बसत नाही, कारण काही नेहमी पाण्याखाली असतात. तुम्हीही शॉटमध्ये जेवढ्या दिसतील तेवढ्याच हलवा. दोन भुजांना अभिनय करू दे, बाकीच्या नुसत्या तरंगू दे.

मॉडेलिंगला बसण्याआधी मासळी बाजारात जा. भाऊच्या धक्क्यावर पहाटे, नाहीतर जवळच्या कुठल्याही कोळणीकडे. एक मुशी घ्या आणि एक माकूल. माकूल म्हणजे ऑक्टोपस नव्हे, पण कातडीचा अभ्यास त्यावर होतो. मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटा फिरवा, पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागेल, कारण त्या कातडीवर बारीक दातांसारखे खवले असतात. माकूल बुळबुळीत, अर्धपारदर्शक, उजेड आत शिरून थोडा आतूनच उजळणारं. दोन्ही एका ताटात खिडकीपाशी ठेवा आणि मोबाइलने फोटो काढा. मुशीवर चमक पसरट आणि मंद पडते, माकुलावर ती टोकदार ठिपक्यांची. बहुतेक स्वस्त संकरित प्राण्यांमध्ये नाकापासून भुजेच्या टोकापर्यंत एकच ओलसर राखाडी कातडी चढवलेली असते आणि म्हणून तो प्लास्टिकचा दिसतो. दोन कातड्या जिथे मिळतात ती शिवण कल्ल्यांच्या लगेच मागे घ्या. तिथे चिरा असतात, सुरकुत्या असतात, डोळा सांध्यावर अडत नाही.

जोड कसा घालावा हे आपल्याकडच्या पाथरवटांना चांगलं ठाऊक होतं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात, हत्तींना पायाखाली दाबून धरणारे. शरभाचं अंग सिंहासारखं, पण असा प्राणी कुणी पाहिलेला नाही. तरी तो जड वाटतो, का? कारण पंजाखालचा हत्ती पिटुकला आणि दबलेला आहे. वजन शरभात दाखवलेलं नाही, हत्तीत दाखवलेलं आहे. जंजिऱ्याच्या दरवाजातून आत जाताना मान वर करून थोडा वेळ थांबा आणि तो दगड बघा. तुमच्या फिल्मच्या दृष्टीने याचा अर्थ असा: होडीवर भुजा पडली की होडी कलली पाहिजे, दोर ताणला पाहिजे, माणसाचा तोल गेला पाहिजे. हे सगळं शूटच्या दिवशी खरंखुरं, हाताने करता येतं. त्याला रेंडर लागत नाही.

वजनाची दुसरी बाजू म्हणजे वेग. इथे स्वस्त राक्षसपट सर्वात जास्त चुकतात, आणि ही चूक सुधारायला एक पैसाही लागत नाही. वस्तू दोन मीटरवरून पडली तर तिला सुमारे ०.६४ सेकंद लागतात, म्हणजे पंधरा फ्रेम. आठ मीटरवरून पडली तर सुमारे १.२८ सेकंद, म्हणजे एकतीस फ्रेम. उंची चौपट, वेळ दुप्पट. डोळ्याला हे गणित लहानपणापासून पाठ असतं. दहा मीटर लांबीचा प्राणी पाण्याबाहेर पाच मीटर उसळला तर वर जायला एक सेकंद आणि खाली यायला एक सेकंद लागलाच पाहिजे. ॲनिमेटर घाबरतो की शॉट सुस्त होईल, आणि तीच उडी बारा फ्रेममध्ये उरकतो. मग दहा मीटरचा प्राणी बेडकाएवढा होतो. जुने मिनिएचरवाले हेच उलट्या बाजूने करत: छोटी प्रतिकृती जास्त वेगाने टिपायची आणि सावकाश दाखवायची. प्रतिकृती चौथ्या भागाएवढी असेल तर कॅमेरा दुप्पट वेगाने, म्हणजे ४८ फ्रेमवर.

त्यांनाही न सुटलेला प्रश्न पाण्याचा होता. प्रतिकृती लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. बाथटबमधल्या खेळण्यावरचा थेंब आणि समुद्रातल्या देवमाशावरचा थेंब एकाच मापाचा. कॉम्प्युटरवर पाणी सिम्युलेट करता येतं, पण ते मशीन खातं आणि पैसेही खातं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. काळा कपडा लावा, मागून एक जोरदार दिवा टाका, बादलीतून, पाइपमधून, पिशवी फोडून असं वेगवेगळं पाणी उडवा आणि मोबाइलच्या १२० फ्रेमवर टिपा. काळं वजा करून हे उडणारं पाणी प्राण्याच्या अंगाभोवती लावायचं. एका दिवसात चाळीस-पन्नास तुकडे मिळतात आणि आयुष्यभर पुरतात. माझ्या हार्डडिस्कवर असे तुकडे आहेत, त्यातले काही बारा वर्षांपूर्वीचे. एका शॉटमध्ये किमान तीन वापरा: एक प्राण्याच्या मागे, एक पुढे, एक थेट लेन्सवर.

नजरेचं सांगते, कारण त्याने मी स्वतः पोळले आहे. एका मालिकेच्या भागात चार पात्रं किनाऱ्यावर उभी राहून पाण्यातून वर येणाऱ्या प्राण्याकडे बघतात असं दृश्य होतं. सेटवर कुणी काठी धरली नव्हती. दिग्दर्शक नुसतं "तिकडे बघा, घाबरा" म्हणाला असावा. प्लेट माझ्याकडे आली तेव्हा चौघं चार दिशांना बघत होते: एक क्षितिजाकडे, दोघं पाण्याकडे आणि चौथी मुलगी थेट आभाळाकडे. टेलिकास्ट तीन दिवसांवर. आम्ही दोघांचे डोळे रंगवून फिरवले, तिसऱ्याला फ्रेमबाहेर कापलं आणि प्राण्याला मूळ मापाच्या दीडपट केलं, म्हणजे वर बघणाऱ्या मुलीची नजर निदान त्याच्या डोक्याशी पोचेल. तीन रात्री गेल्या. एक बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेला टेनिसचा चेंडू असता तर हे सगळं दहा मिनिटांत झालं असतं. 'झपाटलेला'मधला तात्या विंचू १९९३ पासून आजही लोकांना भिववतो. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला प्रत्यक्ष सेटवर होता, नटाच्या नजरेसमोर होता, त्याची सावली तिथल्याच दिव्याने पडत होती. म्हणून शक्य असेल तिथे एक भुजा खरी बनवा. फोम, लेटेक्स आणि आत पीव्हीसीचा पाइप. सहा फुटांची एकच भुजा, पाय धरण्यापुरती, दारातून आत येण्यापुरती. जवळचे शॉट तिच्यावर घ्या. ग्राफिक्सचा प्राणी फक्त लांबून दाखवा.

कॉर्मननी १९६० मध्ये 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य शूटिंग दोन दिवसांत उरकलं होतं. त्यातला राक्षस म्हणजे माणसं खाणारं झाड, आणि झाड कुंडीतून हलत नाही. जमिनीला कुठे टेकतो हा प्रश्न राक्षस निवडतानाच मिटला. कॉर्मन ९ मे २०२४ ला गेले, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन. कोपोला, स्कोर्सेसी, जेम्स कॅमेरून या दिग्दर्शकांनी सुरुवातीला त्यांच्याकडे उमेदवारी केली. त्या मंडळींचे मोठे चित्रपट पाहताना मला नेहमी वाटतं की कमी पैशातली ती शिस्त त्यांच्या हातातून कधी गेली नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नाव ऐकूनच लोक हसतील तर आपण मुद्दाम वाईट करू, म्हणजे गंमत येईल, असा विचार करू नका. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा फिल्म पुष्कळ निघाल्या आणि त्यातली एकही मला दुसऱ्यांदा बघावीशी वाटली नाही. 'शार्कटोपस'मध्ये एरिक रॉबर्ट्स आपली भूमिका मनापासून करतो. आपण घडवलेल्या प्राण्याचा त्याला अभिमान आहे आणि त्याच अभिमानापायी त्याला बाकी काही दिसेनासं झालं आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. प्राणी कितीही अशक्य असू दे, माणसाची भीती आणि हाव खरी पाहिजे. तुमच्या नटांना आधीच सांगून ठेवा की कॅमेऱ्यासमोर कुणीही डोळा मारायचा नाही.

आवाजाचं थोडक्यात: जमेल तेवढा वेळ त्यावर घालवा. कोबी पिळून मोडण्याचा आवाज, ओलं फडकं फरशीवर आपटण्याचा आवाज, हंड्यात तोंड घालून घेतलेला श्वास. प्राणी पडद्यावर नसतानाही तो आवाज त्याला तिथे ठेवतो, आणि याला रेंडर लागत नाही.

शूटला निघताना तीन वस्तू बरोबर घ्या. पहिली चेंडू लावलेला बांबू. दुसरी स्टीलचा चकचकीत गोळा किंवा गोल बुडाचा डबा आणि राखाडी रंग दिलेला चेंडू. दर शॉटनंतर हे दोन्ही प्राण्याच्या जागी धरून पाच सेकंद टिपा, म्हणजे उजेड कुठून येत होता हे आम्हाला कळतं. तिसरी वस्तू बादली. प्राणी पाण्यातून वर आला आहे, म्हणजे तो जिथून सरपटत गेला ती वाळू ओली हवी, ज्या दाराला त्याने हात लावला ते दार ठिबकत हवं, ज्याला त्याने धरलं त्या माणसाची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली हवी. प्रत्येक टेकच्या आधी एकाने ते पाणी ओतायचं. चौघांपैकी कोण ओतणार ते आजच ठरवा, आणि त्या दिवशी त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.